स्कॉटिश पॉप रेडिओवर लावायचंय? पहिल्यांदा माइकसमोर बसणाऱ्यांसाठी

१९८० साली ग्लासगोच्या वेस्ट प्रिन्सेस स्ट्रीटवरच्या एका फ्लॅटमधून पोस्टकार्ड नावाची रेकॉर्ड कंपनी चालायची. ॲलन हॉर्न नावाचा तरुण ती चालवायचा. ऑरेंज ज्यूस, जोसेफ के आणि ॲझ्टेक कॅमेरा या बँडची सुरुवातीची सिंगल्स, म्हणजे एकेका गाण्याच्या छोट्या रेकॉर्ड, तिथून निघाली, आणि दीड-दोन वर्षांत कंपनी बंदही पडली. पण तेवढ्या काळात बीबीसीवर जॉन पील यांनी ऑरेंज ज्यूसला आपल्या कार्यक्रमात जागा दिली होती, आणि तो आवाज ग्लासगोबाहेर पोचला तो पोचलाच.

स्कॉटिश पॉपची बरीचशी हकीकत अशीच आहे. बेल्सहिल, ईस्ट किलब्राइड, ग्रेंजमथ, क्लाइडबँक ही गावं पर्यटकांच्या यादीत नसतात. तिथल्या पोरापोरींनी घरात, चर्चच्या हॉलमध्ये, कॉलेजात गाणी बसवली. कुणीतरी ती आपुलकीने रेडिओवर लावली, म्हणून ती आपल्यापर्यंत आली. हे लावण्याचं काम आजही करता येतं, आणि त्यासाठी नावाजलेला निवेदक असण्याची गरज नाही. तुम्ही नोकरी-शिक्षणासाठी स्कॉटलंडला आला असाल, किंवा पुण्या-नागपुरात बसून या संगीताच्या प्रेमात पडला असाल, तर सुरुवात कुठून करायची ते क्रमाने सांगते.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवते, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. गाणी आता प्रत्येकाच्या फोनवर आहेत. रेडिओवर आपलं खरं काम दोन गाण्यांच्या मधल्या जागेत असतं. कोणत्या गाण्यामागून कोणतं गाणं यावं आणि मध्ये कोणते चार शब्द बोलावेत, हे ठरवणारं माणूस श्रोत्याला हवं असतं.

आधी जागा शोधा

ब्रिटनमध्ये २००४ च्या कायद्यानंतर छोट्या, नफा न कमावणाऱ्या कम्युनिटी रेडिओंना परवाने मिळू लागले. परवाना देणारी आणि लक्ष ठेवणारी संस्था म्हणजे ऑफकॉम. ग्लासगोत सनी गोवन आहे, दक्षिण आशियाई श्रोत्यांसाठीचं अवाझ एफएम आहे, रदरग्लेन-कॅम्बसलँगच्या बाजूला कॅमग्लेन आहे. विद्यापीठांची वेगळी स्टेशनं आहेत, ग्लासगोत सबसिटी आणि एडिनबरात फ्रेश एअर. शिवाय हॉस्पिटल रेडिओ ही ब्रिटनची जुनी आणि सुंदर परंपरा आहे. स्वयंसेवक वॉर्डात जाऊन रुग्णांना विचारतात, काय ऐकायचंय, आणि संध्याकाळी ते लावतात. नवख्या माणसाला शिकायला याहून चांगली शाळा नाही. तिथे श्रोते मोजके असतात, पण त्यांना तुमची खरोखर गरज असते. रुग्णांजवळ जायचं म्हणजे पार्श्वभूमीची तपासणी होते, तिला वेळ लागतो, हे धरून चला.

पहिल्याच भेटीत 'मला माझा कार्यक्रम द्या' म्हणू नका. 'काही मदत लागेल का' असं विचारा. दुसऱ्याच्या कार्यक्रमात फोन घेणं, रेकॉर्ड शोधून देणं, कन्सोलवर, म्हणजे आवाज हाताळायच्या बटणांच्या मेजावर, शेजारी बसून बघणं यातून जे कळतं ते कुठल्या मॅन्युअलमध्ये मिळत नाही. त्यानंतर दहा मिनिटांचा डेमो द्या. डेमोत अख्खी गाणी कुणी ऐकत नाही. गाण्याची पहिली वीस सेकंदं ठेवा, मधलं कापा, शेवटची वीस सेकंदं ठेवा आणि मग तुमचं बोलणं. असे तीन-चार जोड पुरतात. ऑडॅसिटी हे मोफत सॉफ्टवेअर या कामाला उत्तम आहे. कार्यक्रमाचं वर्णन एका वाक्यात लिहा. 'दर आठवड्याला एक तास, १९६४ पासून आजपर्यंतचं स्कॉटिश पॉप, प्रत्येक गाण्याच्या गावासकट' एवढं लिहिलंत तरी स्टेशनच्या माणसाला कळतं की तुम्ही विचार करून आला आहात.

कुंपण कुठे घालायचं

'स्कॉटिश' कुणाला म्हणायचं हा प्रश्न पहिल्याच आठवड्यात येणार, आणि श्रोते तो फार मनावर घेतात. लॉइड कोल जन्माने इंग्लिश, पण त्यांचा बँड कमोशन्स ग्लासगोत जमला. डेव्हिड बर्न यांचा जन्म डम्बार्टनचा, पण टॉकिंग हेड्स पूर्ण अमेरिकन बँड. एसी/डीसीचे यंग बंधू ग्लासगोत जन्मले आणि बँड ऑस्ट्रेलियात झाला. उलट पोस्टकार्डने गो-बिट्वीन्सची रेकॉर्ड काढली, ते ऑस्ट्रेलियाचेच. पॉल मॅकार्टनी यांच्या विंग्जने १९७७ मध्ये 'मल ऑफ किन्टायर' काढलं. त्यात कॅम्पबेलटाउनचा पाइप बँड वाजतो, आणि ब्रिटनमध्ये वीस लाखांहून जास्त खपलेलं ते पहिलं सिंगल. मग ते लावायचं की नाही?

माझा नियम असा की गाणं जिथे बसवलं गेलं ते त्याचं गाव. त्या हिशोबाने लॉइड कोल आत, टॉकिंग हेड्स बाहेर, आणि 'मल ऑफ किन्टायर' पाइप वाजवणाऱ्यांसाठी वर्षातून एकदा आत. तुमचा नियम वेगळा असेल. पण एकच ठेवा आणि तो कार्यक्रमात सांगून टाका. जन्माचे दाखले तपासत बसलात तर संगीत मागे पडतं.

'पॉप'चं कुंपण मात्र सैल ठेवा. लुलू पंधरा वर्षांच्या असताना १९६४ मध्ये आलेलं 'शाउट', बे सिटी रोलर्सचं १९७५ चं 'बाय बाय बेबी', जीझस अँड मेरी चेनचा कानठळ्या बसवणारा गिटारचा गोंगाट, चर्चेस नावाच्या बँडचा सिंथेसायझर, यंग फादर्सचं हिपहॉपमधून निघून कुठल्या कुठे जाणारं गाणं, हे सगळं एकाच तासात मावतं. स्कॉटलंडच्या जुन्या गेलिक भाषेलाही जागा ठेवा. कॅपरकेली या बँडने १९९२ मध्ये सुमारे चारशे वर्षं जुनं गेलिक गाणं नव्या साजात काढलं आणि ते ब्रिटनच्या खपाच्या यादीत पहिल्या चाळिसात गेलं. लोकरी कापड बडवून घट्ट करताना बायका एकत्र बसून म्हणायच्या त्या गाण्यांपैकी ते एक, आपल्या जात्यावरच्या ओव्यांसारखं. मराठी श्रोत्याला हे एवढं सांगितलं की पुढचं गाणं तो कान देऊन ऐकतो.

तासाची बांधणी

इथे सगळ्यात जास्त वेळ घाला. हिशोब साधा आहे. साठ मिनिटांतून बातम्या आणि स्टेशनच्या जाहिराती मिळून पाच मिनिटं गेली. पॉपचं गाणं सरासरी साडेतीन मिनिटांचं धरलं तर बारा गाण्यांची ४२ मिनिटं होतात. उरली १३. त्यात तुमचं बोलणं, एखाद-दुसरी सिग्नेचर ट्यून आणि चुकूनमाकून लागणारी मोकळी मिनिटं. म्हणजे प्रत्येक वेळी बोलायला एक मिनिटसुद्धा सहजी मिळत नाही, आणि ते चांगलंच आहे.

आता एक तास प्रत्यक्ष मांडून दाखवते.

सुरुवात ब्लूबेल्सच्या 'यंग ॲट हार्ट'ने. व्हायोलिन लागतं आणि भांडी घासणारा माणूससुद्धा थबकतो. हे गाणं १९८४ मध्ये गाजलं आणि १९९३ मध्ये पुन्हा निघालं तेव्हा थेट पहिल्या क्रमांकावर गेलं. पहिलं गाणं ओळखीचं असावं. नवख्या श्रोत्याला पहिल्या तीन मिनिटांत परकं वाटलं तर तो राहत नाही.

त्यानंतर न बोलता ऑरेंज ज्यूसचं 'रिप इट अप', १९८३. त्यातला तो रबरी बेस रोलँड कंपनीच्या टीबी-३०३ नावाच्या छोट्या यंत्राचा आहे. पुढे हेच यंत्र नाचाच्या संगीतात जगभर गाजलं, पण हिट पॉप गाण्यात ते इतक्या लवकर फार थोड्यांनी वापरलं. हे मी गाणं संपल्यावर सांगते, आधी नाही. श्रोत्याने तो बेस नुकताच ऐकलेला असतो, म्हणून त्याला लगेच कळतं की कशाबद्दल बोलणं चाललंय.

मग माझी सगळ्यात आवडती जोडी. लॉइड कोल अँड द कमोशन्सच्या १९८४ च्या 'रॅटलस्नेक्स' अल्बममधलं शेवटचं गाणं आहे 'आर यू रेडी टू बी हार्टब्रोकन?' बावीस वर्षांनी, २००६ मध्ये, ग्लासगोच्याच कॅमेरा ऑब्स्क्युराने गाणं काढलं, 'लॉइड, आय ॲम रेडी टू बी हार्टब्रोकन'. एका गाण्याने प्रश्न विचारला, दुसऱ्याने नाव घेऊन उत्तर दिलं. आता आधी कोणतं लावायचं? काळाप्रमाणे प्रश्न आधी. पण मी उत्तर आधी लावते. ऑर्गनच्या त्या उसळत्या सुरांनी तास उजळतो, आणि 'हा लॉइड कोण?' हे कुतूहल श्रोत्याच्या मनात तीन-चार मिनिटं राहतं. मग प्रश्न येतो आणि गाठ सुटते. मध्ये फक्त एवढंच बोलायचं: "हे ज्या लॉइडला उद्देशून होतं, ते ग्लासगोत १९८४ मध्ये असं विचारत होते." आणि फेडर, म्हणजे आवाज वाढवायची सरकपट्टी, वर.

तिथून ॲझ्टेक कॅमेराचं 'ऑब्लिव्हियस'. त्यांचे गायक रॉडी फ्रेम ईस्ट किलब्राइडचे, आणि जीझस अँड मेरी चेनचे जिम आणि विल्यम रीड हे भाऊही त्याच गावचे. म्हणून पुढे त्यांचं १९८५ चं 'जस्ट लाइक हनी'. एकाच नव्या वसवलेल्या गावातून इतकी गोड गिटार आणि इतका घोगरा आवाज निघावा, हे शेजारी शेजारी ऐकल्याशिवाय पटत नाही. 'जस्ट लाइक हनी'ची सुरुवातीची ढोलाची थाप अमेरिकेच्या रोनेट्सच्या 'बी माय बेबी'वरून घेतलेली आहे. कुणी ज्येष्ठ श्रोता असेल तर तो हमखास ओळखतो आणि फोन करतो.

आता तासाच्या मध्यावर अनोळखी गाण्याला जागा. इथे श्रोत्याचा विश्वास बसलेला असतो. व्हॅसलीन्सचं 'मॉलीज लिप्स' लावा. यूजीन केली आणि फ्रान्सिस मकी या दोघांचा हा बँड १९८९ मध्ये मोडला तेव्हा त्यांना ओळखणारे थोडे होते. मग अमेरिकेच्या निर्वाणा बँडने त्यांची तीन गाणी गायली आणि सारं बदललं. त्यामागून टीनएज फॅनक्लब, मग बेल अँड सेबॅस्टियनच्या 'टायगरमिल्क'मधलं पहिलं गाणं. हा अल्बम १९९६ मध्ये ग्लासगोच्या स्टो कॉलेजच्या अभ्यासक्रमाचा भाग म्हणून निघाला. विद्यार्थीच चालवत असलेल्या इलेक्ट्रिक हनी या लेबलने त्याच्या जेमतेम हजार प्रती काढल्या, त्याही फक्त रेकॉर्डवर. तीन वर्षांनी त्याच बँडला ब्रिट पुरस्कार मिळाला.

उरलेल्या गाण्यांत दोन तरी या एक-दोन वर्षांतली असू द्या. त्याविषयी पुढे बोलते. आणि शेवट ब्लू नाइलच्या 'टिन्सलटाउन इन द रेन'ने. पॉल बुकॅनन गाऊ लागले की ग्लासगोची पावसाळी रात्र समोर उभी राहते. २०२४ मध्ये टेलर स्विफ्ट यांनी एका गाण्यात ब्लू नाइलचं नाव घेतलं, त्यामुळे आता तरुण श्रोतेही त्यांच्याबद्दल विचारतात. गाणं जवळपास सहा मिनिटांचं आहे. कार्यक्रम आठ वाजता संपणार असेल तर ते ७ वाजून ५३ मिनिटांनी सुरू झालंच पाहिजे, म्हणजे निरोपाचं एक वाक्य बोलता येतं. शेवटचं गाणं असं उलटं मोजूनच ठरवायचं. आधीच्या गडबडीत वेळ गेला तर मधलं एक गाणं गाळा, पण शेवटचं अर्ध्यावर तोडू नका.

दर आठवड्याला अशी सर्वसाधारण मांडणी नको. कधी एकाच गावाचा तास करा. बेल्सहिल घ्या. टीनएज फॅनक्लब, बीएमएक्स बँडिट्स, सूप ड्रॅगन्स तिथले, आणि जेम्स बाँडचं 'फॉर युअर आइज ओन्ली' गाणाऱ्या शीना ईस्टन यांचा जन्मही तिथलाच. एकाच रस्त्यांवरून गेलेली ही माणसं एका तासात आली की गाव डोळ्यांसमोर येतं. पेस्ली घेतलंत तर जेरी रॅफर्टी आणि पाओलो न्युटिनी. किंवा नुसतं इलेक्ट्रिक हनी घ्या: बेल अँड सेबॅस्टियन, बिफी क्लायरो आणि स्नो पॅट्रोल या तिघांच्या अगदी सुरुवातीच्या रेकॉर्ड त्या कॉलेजच्या लेबलवर निघालेल्या आहेत.

काय बोलायचं

लिहून काढा, पण वाचून दाखवू नका. कागदावर तीन मुद्दे असावेत: गाणं कुणाचं, कुठलं, आणि ऐकताना कशाकडे कान द्यावा. तिसरा मुद्दा सर्वांत मोलाचा. 'हे अप्रतिम गाणं आहे' असं म्हटल्याने श्रोत्याच्या हाती काही लागत नाही. 'फ्रांझ फर्डिनांड बँडच्या या गाण्यात मिनिटभरातच लय एकदम संथ होते, तिथे लक्ष द्या' असं म्हटलं की तो वाट बघत बसतो. हे 'टेक मी आउट'बद्दल म्हणतेय. ती लय उतरते तिथे एक शब्दसुद्धा बोलू नका.

एका वेळी एकच माणूस ऐकतोय असं समजून बोला. 'तमाम रसिक श्रोत्यांना' असं नको. रात्रपाळीवरून परतणारी नर्स, टॅक्सीवाला, वॉर्डातले आजोबा यांपैकी एकजण नजरेसमोर ठेवा.

कलाकाराच्या दुःखाबद्दल बोलताना जपून. ऑरेंज ज्यूसचे गायक एडविन कॉलिन्स यांना २००५ मध्ये मेंदूत रक्तस्राव झाला. त्यांना बोलणंसुद्धा नव्याने शिकावं लागलं आणि त्यानंतर ते पुन्हा गायला लागले. ही माहिती त्यांच्या २००५ नंतरच्या गाण्याआधी सांगितली तर ऐकणं बदलतं, म्हणून ती तिथे शोभते. 'ए गर्ल लाइक यू'च्या आधी मात्र तिचं काही काम नाही. ते गाणं १९९४ चं, त्याला त्याच्याच ऐटीत वाजू द्या.

उच्चार आधी विचारून ठेवा. स्पेलिंग बघून 'मिल्नगावी' म्हणावंसं वाटणारं गाव 'मलगाय' आहे, 'किर्ककाल्डी' दिसणारं गाव 'कर्कॉडी'. 'लॉख' (तळं) हा शब्द आपल्याला सोपा जातो, कारण 'ख' आपल्या जिभेवर आहे. तो जरा घशात घासून काढला की झालं. गेलिक नावांसाठी एखाद्या गेलिक बोलणाऱ्या माणसाला फोन करा, नाहीतर बीबीसीचं रेडिओ नान गेल हे गेलिक स्टेशन ऐकून तो उच्चार कानात बसवा. स्थानिक श्रोता तुमचा मराठी वळणाचा इंग्रजी उच्चार आनंदाने ऐकून घेतो, त्याच्या गावाचं नाव नीट घ्या एवढीच त्याची अपेक्षा असते. आणि स्वतःचा उच्चार बदलू नका. एडिनबराच्या लीथ भागातल्या प्रोक्लेमर्स या गायक भावांनी १९८७-८८ मध्ये आपल्याच बोलीच्या उच्चारात गाऊन दाखवलं. २०१६ मध्ये त्यांच्या लाडक्या हिब्स फुटबॉल क्लबने ११४ वर्षांनी स्कॉटिश कप जिंकला, तेव्हा ग्लासगोच्या हॅम्पडेन मैदानावर हजारो लोकांनी 'सनशाइन ऑन लीथ' गायलं. ज्या आवाजात आपण घरी बोलतो तो रेडिओवर चालतो, याचा यापेक्षा मोठा पुरावा मला माहीत नाही.

कन्सोलसमोर

माइकपासून तोंड वितीच्या आत ठेवा, पण थेट समोर नाही, किंचित तिरकं. म्हणजे 'प' आणि 'भ' फुटत नाहीत. हेडफोन कायम कानावर. माइक चालू करण्याआधी पुढचं गाणं तयार आहे ना, ते हेडफोनवर वेगळं ऐकून घ्या. प्रत्येक कन्सोलवर त्यासाठी बटण असतं. दोन प्लेयर असतील तर एकावर गाणं वाजत असताना दुसऱ्यावर पुढचं लावून ठेवा.

आवाजाची पातळी हा स्कॉटिश पॉपमधला खास त्रास आहे. १९८० च्या सुमाराची सिंगल्स आजच्या गाण्यांपेक्षा खूप हळू वाजतात. जोसेफ केच्या मागे चर्चेस आलं की श्रोता दचकतो. जुन्या गाण्याचा फेडर वर, नव्याचा खाली, आणि मीटर लाल भागात जाऊ द्यायचा नाही. कार्यक्रम घरी रेकॉर्ड करून पाठवणार असाल तर ऑडॅसिटीत सगळी गाणी एका पातळीला आणण्याची सोय आहे, ती आधी वापरा. जीझस अँड मेरी चेनची पहिली गाणी लावताना एक वाक्य आधी सांगून ठेवा की हा कर्कश आवाज मुद्दाम आहे. नाहीतर कुणीतरी रेडिओ बिघडला म्हणून बंद करतो.

रेकॉर्ड वाजवायची असेल तर सूर जिथे सुरू होतो ती जागा शोधा आणि तिथून तबकडी थोडी उलटी फिरवून ठेवा, म्हणजे वेग घ्यायला तिला जागा मिळते. हे घरी सरावानेच जमतं.

मध्येच शांतता पसरली तर घाबरू नका. माइक उघडा, आत्ता काय वाजलं ते सांगा, पुढचं गाणं लावा. माफी मागत बसण्यात गाण्याचा वेळ जातो.

परवाने आणि नियम

ब्रिटनमध्ये गाणं वाजवायला दोन परवाने लागतात. पीआरएस गीतकार-संगीतकारांसाठी पैसे गोळा करते, पीपीएल रेकॉर्डिंगचे हक्क असणाऱ्यांसाठी आणि वादक-गायकांसाठी. स्टेशन ते भरतं, तुम्हाला खिशातून काही द्यावं लागत नाही. तुम्ही फक्त काय वाजवलं त्याची नीट यादी द्यायची: गाणं, कलाकार, लेबल, आणि माहीत असेल तर लिहिणाऱ्याचं नाव. कंटाळा करू नका. ग्लासगोतल्या छोट्या बँडला वर्षाकाठी मिळणारे थोडेफार पैसे याच यादीतून येतात.

इंटरनेटवर स्वतःचं स्टेशन काढलंत तर परवान्यांची जबाबदारी तुमची. पॉडकास्टचं प्रकरण आणखी अवघड, कारण रेडिओचा परवाना डाउनलोड करून ठेवण्याला लागू होत नाही. म्हणून गाणी असलेला कार्यक्रम नंतर ऐकवायचा असेल तर मिक्सक्लाउडसारखी वेबसाइट बरी, तिथे हक्कदारांशी करार केलेले असतात. पुण्या-मुंबईतून हे करू बघणाऱ्यांनाही मी हाच रस्ता सुचवेन.

शिव्यांबद्दल: टीव्हीवर रात्री नऊच्या आधी शिव्या चालत नाहीत, तशी ठरलेली रेषा रेडिओला नाही. मुलं ऐकत असण्याची शक्यता जास्त, म्हणजे सकाळची न्याहरीची आणि शाळेला जाण्या-येण्याची वेळ, तेव्हा विशेष काळजी घ्यावी लागते. अरब स्ट्रॅपसारख्या बँडची गाणी लावण्याआधी शेवटपर्यंत ऐका. परवानाधारक रेडिओला प्रसारणाचं रेकॉर्डिंग ४२ दिवस ठेवावं लागतं, त्यामुळे तक्रार आली तर तुमचा शब्दन् शब्द ऐकला जातो.

नवी गाणी कुठून आणायची

जुन्यावर प्रेम करणं सोपं आहे. पण पोस्टकार्डच्या काळातही कुणीतरी अनोळखी पोरांची रेकॉर्ड हातात घेऊन ती लावायचं ठरवलं होतं. तेच काम आता तुमचं. ग्लासगोला गेलात तर मोनोरेल म्युझिकमध्ये जा. पेस्टल्स बँडचे स्टीफन पेस्टल यांनी साथीदारांबरोबर काढलेलं हे दुकान. काउंटरवरच्या माणसाला 'या महिन्यात इथलं काय आलंय' एवढं विचारलं तरी पिशवी भरते. बँडकॅम्प या संगीताच्या वेबसाइटवर शहराच्या नावाने शोधा. स्कॉटिश अल्बम ऑफ द इयर हा पुरस्कार २०१२ पासून दिला जातो. त्याची वीस अल्बमची पहिली यादी म्हणजे वर्षभराचा आयता अभ्यासक्रम आहे. बीबीसी रेडिओ स्कॉटलंडवर व्हिक गॅलोवे यांनी नव्या बँडना वर्षानुवर्षं जागा दिली आहे. नव्या गाण्याची ओळख कशी करून द्यावी हे त्यांच्याकडून शिकावं.

बँडना तुमचा पत्ता कळला की गाणी येऊ लागतात. सगळी ऐका. आवडलं नाही तरी दोन ओळींचं उत्तर द्या. आवडलं तर कोणत्या दिवशी, किती वाजता वाजेल ते कळवा, म्हणजे ड्रमवाल्याची आईसुद्धा ऐकते. चांगल्या प्रतीची फाइल मागा, आणि शिवी असेल तर रेडिओसाठीची वेगळी आवृत्ती.

श्रोते आणि घड्याळ

मायदेशातल्या लोकांनी ऐकावं असं वाटत असेल तर वेळ बघून मागा. उन्हाळ्यात ब्रिटन भारताच्या साडेचार तास मागे असतं, हिवाळ्यात साडेपाच. ग्लासगोत रात्री आठचा कार्यक्रम पुण्यात मध्यरात्रीनंतर साडेबाराला किंवा दीडला पोचतो. रविवारी दुपारी तीनची वेळ मिळाली तर तिथे साडेसात किंवा साडेआठ वाजलेले असतात, जेवणाआधीची निवांत वेळ.

मराठी श्रोत्याला शब्द कळणार नाहीत याची काळजी नको. ग्रेंजमथच्या कॉक्टो ट्विन्समध्ये एलिझाबेथ फ्रेझर काय गातात हे तिथल्या लोकांनाही पुष्कळदा कळत नाही, आणि तरी 'हेवन ऑर लास व्हेगास' लागलं की माणसं गप्प होतात. मी कुणाला पहिल्यांदा काही ऐकवायचं झालं तर तेच ऐकवते.

फर्माईश आली तर नाव आणि गाव दोन्ही घ्या. आकाशवाणीच्या 'आपली आवड'मध्ये आपलं गाव ऐकू आलं की घरात काय व्हायचं ते आपल्याकडच्या ज्येष्ठांना विचारा. कर्कॉडीचं कुणी असो की कराडचं, आनंद तोच. मागितलेलं गाणं कुंपणाबाहेरचं असेल तर नाही म्हणा, पण त्याच्या जवळचं एखादं स्कॉटिश गाणं त्यांच्या नावाने लावा. बरेचदा पुढच्या आठवड्यात तेच लोक त्या दुसऱ्या गाण्याची फर्माईश करतात.

कार्यक्रम संपला की फेडर सगळे खाली आणा, माइक बंद झाला आहे ना ते दोनदा बघा, पुढच्या निवेदकासाठी खुर्ची मोकळी करा. गाण्यांची यादी त्याच रात्री पाठवून टाका. ज्या नव्या बँडचं गाणं लावलं त्यांना वेळेसह एक ओळ लिहा. आणि यादी समोर असतानाच बघा की आज कोणत्या दोन गाण्यांचा जोड बसला नाही. त्यातलं एक गाणं पुढच्या आठवड्यासाठी बाजूला काढा आणि त्याला दुसरा शेजारी शोधा.